व्हिसावर काय लिहिलंय ते कुणीतरी वाचून दाखवा
परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



मी १९७८ साली टपाल खात्यात लागलो आणि २०१३ साली, ज्या वर्षी तार बंद झाली त्याच वर्षी, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. गाव खेड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यात, जिल्हा रत्नागिरी. आमच्याकडे मुंबईत नोकरी करणाऱ्याला चाकरमानी म्हणतात आणि आखातात असणाऱ्याविषयी नुसतं ‘तो बाहेर आहे’ असं म्हणतात. बाहेर म्हणजे कुठे, हे सहसा विचारावं लागत नाही. कुवेत, मस्कत, दोहा, दम्माम, शारजा ही नावं आमच्या बायकांच्या तोंडी चिपळूण-महाडइतकीच सहज येतात. दापोली, मंडणगड, रत्नागिरी, तिकडे रायगडात श्रीवर्धन-म्हसळा, सगळीकडे हेच.

माझ्या नोकरीत पत्रं वाटण्याइतकंच मोठं काम ती वाचून दाखवण्याचं होतं. लाल-निळ्या कडेचं एअरमेलचं पाकीट आलं की घरची म्हातारी मला पडवीत बसवायची, पाण्याचा तांब्या पुढे ठेवायची आणि म्हणायची, ‘मास्तर, वाचा.’ ड्राफ्ट किती रुपयांचा, त्यातले कुणाला किती द्यायचे, पावसाआधी कौलं परतून घ्या, धाकट्याची शाळा सोडवू नका. कधी मुलगा आजारी असल्याचं लिहिलेलं असायचं. तेही मी वाचायचो. वाचताना एक शब्द गाळायचा नाही, हा माझा नियम होता. माझ्या हातात आलेला कागद ज्याचा आहे, त्याला तो पूर्ण कळलाच पाहिजे, असं मी मानत आलो.

२०२४ च्या जानेवारीत तो नियम मी मोडला. त्याबद्दल हे पत्र आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दहावी नापास, हात मात्र चांगला. चिऱ्याच्या खाणीवर डंपर चालवायचा. बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला शारजात ड्रायव्हरची नोकरी मिळवून देतो म्हणून सांगितलं. एक लाख चाळीस हजार रुपये रोख ठरले. बहिणीने पाटल्या पतपेढीत ठेवल्या, उरलेले माझ्याकडून आणि तिच्या दिराकडून जमवले. निघायच्या आदल्या रात्री भाच्याने व्हिसाचा कागद माझ्या हातात दिला. त्यावर इंग्रजीत स्पष्ट छापलेलं होतं की हा पर्यटकाचा व्हिसा आहे आणि मुदत साठ दिवस. मी ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि परत दिला. बहीण समोर बसली होती. तिला वाचून दाखवलं नाही.

गप्प का राहिलो, हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण तुमच्या मंत्रालयाला जे प्रश्न सोडवायचे आहेत त्यांचं मूळ तिथेच आहे. आमच्या पट्ट्यातली कितीतरी मुलं अशीच ‘व्हिजिटवर’ गेलेली मला माहीत होती. त्यांतल्या काहींना तिथे गेल्यावर खरंच काम मिळालं, कंपनीने व्हिसा बदलून दिला, आज ती नीट कमावत आहेत. फसलेला माणूस घरी येऊन सांगत नाही, आणि जमलेला गावात मिठाई वाटतो. त्यामुळे गावाला जमलेलेच दिसतात. शिवाय पैसे दिले गेले होते, पाटल्या गेल्या होत्या, तिकीट आलं होतं. त्या रात्री तो कागद मोठ्याने वाचला असता तर घरात रडारड झाली असती आणि मुलगा तरीही गेला असता, असं मी स्वतःला समजावलं. पण बहिणीला तेवढं कळायचा हक्क होता, आणि तो मी तिला दिला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. दाखवण्यापुरतं काढलेलं परतीचं तिकीट तो पोहोचल्यावर रद्द झालं. पासपोर्ट ‘व्हिसा चेंजसाठी’ म्हणून काढून घेतला. गाडी हातात मिळालीच नाही. भाजीच्या गोदामात पहाटे तीनपासून हमाली, एका खोलीत चौदा माणसं. पहिल्या महिन्याचे थोडे पैसे मिळाले, मग ‘व्हिसा लागला की सगळा हिशोब करू’ असं उत्तर येत राहिलं. मार्चच्या मध्याला साठ दिवस संपले आणि तो बेकायदा झाला. संयुक्त अरब अमिरातीत मुदतीबाहेर राहिलं तर दिवसाला पन्नास दिरहॅम दंड आहे. ऑगस्ट संपेपर्यंत त्याचा दंड साडेआठ हजार दिरहॅमच्या आसपास गेला, म्हणजे दोन लाख रुपयांच्या घरात. जेवढे देऊन गेला त्याहून जास्त पैसे परत येण्यासाठी लागणार होते, आणि हाती काहीच नव्हतं. फोनवर तो बहिणीशी हसून बोलायचा. मला एकट्याला रात्री उशिरा फोन करायचा, तेव्हा नुसता श्वास ऐकू यायचा.

तो सुटला तो योगायोगाने. अमिरातीच्या सरकारने १ सप्टेंबर २०२४ पासून माफीची मुदत जाहीर केली आणि पुढे ती वर्षअखेरीपर्यंत वाढवली. दंड माफ, पुन्हा तिकडे जाण्यावर बंदी नाही. दुबईतल्या आपल्या कॉन्सुलेटच्या लोकांनी त्याला पासपोर्टच्या जागी प्रवासाचा तात्पुरता दाखला करून दिला आणि तो नोव्हेंबरमध्ये घरी आला. त्या माणसांचे आभार मानल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. ते आपल्या मुलांशी नीट बोलले, एवढंही आमच्यासाठी पुष्कळ होतं. पण माफी रोज जाहीर होत नाही, मंत्रीमहोदय. त्या वर्षी ती झाली नसती तर तो आज कुठे असता, हे मला माहीत नाही.

आता कागदांविषयी बोलतो, कारण माझं आयुष्य कागदांत गेलं आहे.

कामाचा व्हिसा हा परक्या देशात राहायला मिळालेल्या परवानगीपेक्षा कितीतरी मोठा कागद आहे. आखातात कुणी स्थायिक व्हायला जात नाही. तिथे नागरिकत्व मिळत नाही हे जाणारा प्रत्येक जण जाणतो. तो परत येण्यासाठीच जातो. आमच्याकडे हे आयुष्य दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांनी मोजतात. पहिल्या दोन वर्षांत कर्ज फिटतं, पुढच्या दोनांत बहिणीचं लग्न होतं, त्यापुढे चिऱ्याचं घर आणि त्यावर स्लॅब. दर खेपेला परवाना नवा होतो, दर खेपेला बायको विचारते की आता किती, आणि तो म्हणतो, ही शेवटची दोन वर्षं. तीस वर्षं अशी शेवटची दोन वर्षं काढलेली माणसं माझ्या शेजारी राहतात. ज्याचा मुक्काम तात्पुरता आहे, पण श्रम आयुष्यभराचे आहेत, त्याच्याजवळ त्या काळात तिथला माणूस म्हणून दाखवायला हा एकच कागद असतो.

त्या कागदामागे काय काय उभं असतं, ते गावात कुणालाच नीट माहीत नाही. अमिरातीत कामाच्या व्हिसावर असलेल्याचा पगार २००९ पासून बँकेमार्फत द्यावा लागतो, म्हणजे तो थकला की सरकारला दिसतो. नोकरी सुटताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला तीस दिवसांचा मूळ पगार हिशोबात मिळतो. (म्हणूनच काही मालक करारात मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकीचे भत्ते लावतात. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाने करारातली ‘बेसिक’ची ओळ आधी बघावी.) मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्याने चूक आहे. आपल्या बाजूने पाहिलं तर दहावी न झालेला माणूस ठरलेल्या अठरा देशांत कामाला निघाला की त्याला तुमच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी लागते, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचा करार चढतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता फक्त दोनशे पंचाहत्तर रुपये आहे. एवढ्यात मेल्या-जखमी झाल्याची तरी सोय होते.

भाच्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ही मंजुरी आवश्यक असल्याचा, शिक्का होता. म्हणजे हे सगळं त्याच्यासाठीच बनलेलं होतं. पण पर्यटक म्हणून जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही. साठ दिवसांच्या त्या एका कागदाने तो आपल्या कायद्याच्या बाहेर गेला आणि तिथल्या कायद्याच्याही बाहेर गेला. विमा नाही, करार नाही, पगाराची नोंद नाही, ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नाही. तो कुठे आहे हे तुमच्या कुठल्याही नोंदवहीत नव्हतं. ज्याला सर्वांत जास्त संरक्षणाची गरज होती, तोच एका शब्दामुळे त्यातून निसटला.

पैशांचंही तसंच आहे. अमिरातीचा कामगार कायदा सांगतो की नोकरभरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, प्रत्यक्ष नाही आणि आडवळणानेही नाही. आपला नियम सांगतो की नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घ्यावा, आणि पावती द्यावी. आमच्या खाडीपट्ट्यात दर लाखाच्या पुढे आहे आणि पावती कुणी पाहिलेली नाही. शून्य, तीस हजार आणि एक लाख चाळीस हजार. या तीन आकड्यांमध्ये माझ्या बहिणीच्या पाटल्या गेल्या.

भाचा परत आल्यावर आम्ही तक्रार द्यायला गेलो. पैसे रोखीने दिलेले, पावती नाही, चिठ्ठी नाही. ज्याने पैसे घेतले तो म्हणाला, मी फक्त ओळख करून दिली, व्हिसा मुंबईच्या माणसाने काढला. मुंबईचा माणूस फोन उचलत नव्हता. तक्रार लिहून घेणाऱ्याने सहानुभूतीने ऐकलं आणि सांगितलं की हा आपसातला पैशांचा व्यवहार दिसतो, दिवाणी दावा करा. मी १९८३ चा उत्प्रवास कायदा छापून नेला होता. त्यातलं चोविसावं कलम त्यांना दाखवलं. त्यांनी ते प्रथमच पाहिलं असावं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत, असं त्यात आहे. दोन हजारांवर बोट ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी काय उत्तर देणार?

१९८३ साली हा कायदा आला तेव्हा माझ्या नोकरीला पाच वर्षं झाली होती, आणि आखाताचा ओघ जोरात होता. १९२२ चा इंग्रजी अमलातला कायदा बाजूला सारून तो आणला गेला, हे चांगलं झालं. पण त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमिरातीने परवान्याशिवाय माणसं कामाला लावणाऱ्या मालकांचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहॅम केला. एक लाख दिरहॅम म्हणजे आपले बावीस लाखांहून अधिक रुपये. परक्या देशाने आमच्या मुलाला बेकायदा राबवणाऱ्यासाठी बावीस लाखांपासून सुरुवात केली आहे आणि त्याला इथून पाठवणाऱ्यासाठी आपल्या कायद्याची कमाल दोन हजारांची आहे. हे मला सहन होत नाही, आणि तुम्हालाही होऊ नये.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले, हे मी जाणतो. २०१९ मध्ये मसुदा आला, २०२१ मध्ये दुसरा आला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्या मंत्रालयाने परदेशी रोजगार आणि कल्याणाविषयीचा नवा मसुदा लोकांपुढे ठेवला. तीन मसुद्यांच्या या काळात आमच्या तीन पिढ्यांची मुलं गेली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण एक पिढी नक्की गेली. जो कायदा येईल त्यात गावातल्या त्या मधल्या माणसाला जागा द्या. कागदावर तो नाही, नोंदणीकृत एजंटाने असे पोटएजंट ठेवायचेच नाहीत असा नियम आहे. प्रत्यक्षात आमचा सगळा व्यवहार त्याच्याशीच होतो, कारण नोंदणीकृत एजंट मुंबईत बसतात आणि आमचा मुलगा त्यांच्यापर्यंत एकटा पोचत नाही. त्याला नाव-पत्त्यासह एजंटाच्या परवान्यावर चढवा. त्याने घेतलेल्या प्रत्येक रुपयाची आणि बोललेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्या एजंटावर टाका. नोंद नसताना जो पैसे घेईल त्याला असा दंड लावा की त्याला तो परवडणार नाही. मंत्रालय बेकायदा एजंटांची यादी प्रसिद्ध करतं, तीन हजारांहून जास्त नावांची. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या बाजारपेठेतला माणूस त्या यादीत कधीच येणार नाही, कारण तो स्वतःला एजंट म्हणवतच नाही.

एक भीती मला वाटते, ती सांगून ठेवतो. यावर उपाय म्हणून विमानतळावर पर्यटक व्हिसाच्या मुलांना अडवायचं ठरलं तर त्यातून फक्त एक नवा दर तयार होईल. अडवण्यावाचून दुसरं काही न करणाऱ्या नियमांचं काय होतं, ते घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत दिसलं आहे. तीस वर्षांखालच्या बाईला त्या अठरा देशांत घरकामासाठी मंजुरी मिळत नाही. हेतू तिच्या रक्षणाचा आहे. पण जिच्या घरी दोन लेकरं आणि दारू पिणारा नवरा आहे, ती सत्ताविसाव्या वर्षी थांबत नाही. ती व्हिजिटवर जाते, आणि मग तिच्यासाठी कुठलाच दरवाजा उघडा राहत नाही. अडवण्यापेक्षा नोंद ठेवा. २०१८ मध्ये दहावी झालेल्या कामगारांनाही नोंदणी सक्तीची करायचं तुमच्या मंत्रालयाने ठरवलं होतं आणि लागू होण्याआधीच ते थांबवलं. सक्ती नको असेल तर नको. पण जो मुलगा कुठल्याही व्हिसावर निघाला आहे, त्याला दंडाची किंवा अडवणुकीची भीती न घालता स्वतःचं नाव, तिकडचा पत्ता आणि पाठवणाऱ्याचा फोन नोंदवता आला पाहिजे. उद्या त्याचा फोन बंद झाला तर आईने कुणाला विचारायचं, एवढ्यासाठी तरी.

आणि आता माझी मुख्य मागणी. ती मोठी नाही.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा व्हिसा आणि करार त्याच्या घरच्यांसमोर, त्याच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवण्याची जागा तालुक्याला एक तरी असू द्या. ही जागा पोस्टात असू द्या. २०१७ पासून तुमच्या आणि टपाल खात्याच्या करारातून देशभर मुख्य पोस्टांत पासपोर्टची कामं होतात. मी निवृत्त झाल्यानंतरची ही गोष्ट, पण मला तिचा अभिमान वाटतो. पासपोर्ट जिथे मिळतो, तिथेच व्हिसाही तपासून मिळाला पाहिजे. त्या खिडकीवरच्या माणसाला ई-मायग्रेट उघडून एजंट नोंदलेला आहे की नाही हे बघता यावं, आणि मग त्याने मुलाच्या आईकडे बघून सांगावं: बाई, हा व्हिसा कामाचा नाही. यात पगार लिहिलेला नाही. साठ दिवसांनी तुमचा मुलगा तिथे बेकायदा ठरेल. तरीही पाठवायचं असेल तर हे कळून पाठवा.

यासाठी नवी इमारत लागत नाही. कोकणात आजही पोस्टमनवर बँकेच्या माणसापेक्षा जास्त विश्वास आहे. मुंबईला बांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात तुमची सगळी कार्यालयं एका छताखाली आली आहेत, ते उत्तम झालं. पण आमच्या वाडीतून तिथे जायला रात्रीची गाडी, एक दिवसाची रजा आणि हजार-दीड हजार रुपये लागतात. इतकं करून कुणी कागद तपासून घ्यायला जात नाही. बाजारपेठेतला माणूस मात्र रोज संध्याकाळी पारावर असतो. सरकार त्याच्याइतकं जवळ आलं पाहिजे.

भाषेचा मुद्दा यातच आहे. अमिरातीत २०१६ पासून नोकरीचा देकार अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराच्या भाषेतही द्यायची सोय आहे. त्या भाषांत हिंदी आहे, उर्दू आहे, बंगाली, मल्याळम, तमिळ आहे. मराठी नाही. ती जोडून घेण्यासाठी तुम्ही एक पत्र लिहू शकता. तोवर निदान आपल्या बाजूच्या ई-मायग्रेटवरच्या प्रत्येक कराराची मराठी प्रत महाराष्ट्रातून जाणाऱ्याच्या हाती पडेल, असं करा. आमची मुलं हिंदी बोलतात, हे खरं. पण करारातल्या ‘प्रोबेशन’चा आणि ‘नोटीस पिरियड’चा अर्थ माणसाला त्याच भाषेत कळतो, ज्या भाषेत त्याची आई त्याला ‘सांभाळून राहा’ म्हणते.

हे होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा. त्यात आधी भाषा शिकवायची, मग नोकरी, मग व्हिसा, असा क्रम ठरवला. क्रम बरोबर आहे. नर्स आणि इलेक्ट्रिशियन जर्मनीला जाताना सरकार त्यांच्या बाजूला उभं राहतं. डंपरवाला शारजाला जाताना त्याच्या बाजूलाही उभं राहता येईल. केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी वेगळा विभाग काढला. तिथला मुलगा जाण्याआधी कुठे विचारायचं हे जाणतो. आमच्या मुलांना ते ठाऊक नाही.

आमची मुलं जाऊ नयेत, असं मी म्हणत नाही. आंब्याचा हंगाम दोन महिन्यांचा, भातशेती पोटापुरती, कारखाने लोट्याला, आणि तिथेही सगळ्यांना जागा नाही. जाणारी जाणारच. माझ्या उभ्या आयुष्यात या पट्ट्यातली जी चांगली घरं, शाळेच्या खोल्या, मशिदी, देवळांचे सभामंडप उभे राहिले, त्यांत बाहेरचा पैसा आहे. तो पैसा कमावणाऱ्यांची पत्रं मी पस्तीस वर्षं वाचून दाखवली. त्यांत किती कष्ट होते, ते त्यांच्या आयांनंतर मलाच जास्त माहीत असेल.

भाचा आता पुन्हा खाणीवर डंपर चालवतो. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. तो परत जायचं म्हणतो आहे, या वेळी कंपनीचा व्हिसा असेल तरच. करार आला की आधी माझ्याकडे आणायचं त्याने कबूल केलं आहे, आणि मी तो बहिणीसमोर मोठ्याने वाचणार आहे, एक शब्द न गाळता.

पण मी एकाच वाडीला पुरा पडतो, आणि माझं वय झालं. पुढच्या महिन्यात आमच्या पट्ट्यातली दोन मुलं निघणार आहेत. दोघांकडे साठ दिवसांचा पर्यटक व्हिसा आहे. एकाचं तिकीट अजून काढलेलं नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सब-पोस्टमास्तर
खाडीपट्टा, ता. खेड, जि. रत्नागिरी